दिव्याखाली अंधार

घरात बसल्या जागी कोणाला अर्धांगाचा झटका आला, की सारे घर धावते. कोणी वाहन आणते, कोणी शेजाऱ्याला हाक मारते. तोच झटका इस्पितळातल्या खाटेवर पडलेल्या माणसाला आला, तर तो पुष्कळदा उशिरा ध्यानात येतो. ऐकायला हे विपरीत वाटते. पण ते खरे आहे, आणि त्यात मला वैद्यकापेक्षा नीतीचा प्रश्न अधिक दिसतो.

कारणे समजण्यासारखी आहेत. शस्त्रक्रियेनंतर रोगी गुंगीत असतो. जीभ जड झाली, तर आपण म्हणतो, भूल उतरायची आहे. हात उचलत नाही, तर म्हणतो, अशक्तपणा आहे. तो शेवटचे धड केव्हा बोलला, हे मग कोणालाच सांगता येत नाही. शल्यवैद्य जखम पाहतो, परिचारिका ताप पाहते, नातेवाईक मोसंबी सोलतो. सगळे जवळ असतात. माणसाच्या चेहऱ्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते.

वेळ तर थांबत नाही. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळवणारे औषध आहे; परंतु नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्याला ते सहसा देता येत नाही, कारण रक्तस्रावाचे भय असते. अशा वेळी जांघेतील रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळीच ओढून काढता येते. २०१५ साली पाच चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि या उपायाचा गुण सिद्ध झाला. २०१८ साली निवडक रोग्यांसाठी त्याची मुदत २४ तासांपर्यंत वाढली. म्हणजे उपाय आहे. उणीव आहे ती वेळेवर पाहणाऱ्या डोळ्यांची.

कोणी म्हणेल, आधीच आजारी माणूस. त्याच्यासाठी एवढी धावपळ कशाला? बाहेरून येणाऱ्यांपेक्षा अशा रोग्यांची स्थिती पुष्कळदा अधिक बिकट असते, हे मला मान्य आहे. म्हणून उपाय करावा की नाही, याचा विचार वैद्यांनी जरूर करावा. पण तो विचार व्हायच्या आधीच वेळ निघून गेली, तर तो न्याय नव्हे. दोन दुखणी असलेल्याचा जगण्यावरचा हक्क काही निम्मा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. खाटांच्या रांगा सांभाळणाऱ्या एकट्या परिचारिकेने किती ठिकाणी पाहावे? तिच्यावर सारे खापर फोडणे अन्यायाचेच होईल. परंतु फराळाचा लाडू चौघांत वाटला, की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. जबाबदारीचे तसे नाही. ती चौघांत वाटली तरी प्रत्येकाकडे पुरीच्या पुरी राहते.

मला कोणाकडून अहोरात्र धास्ती नको आहे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर त्याला सोयीचे कारण शोधत बसू नये, एवढेच मागणे आहे. झाडूवाल्या बाईपासून लहान नातवापर्यंत ज्याला ते दिसेल, त्याला मोठ्याने ओरडण्याचा अधिकार असावा. आणि तो ओरडा खोटा ठरला, तरी त्याच्यावर कोणी रागावू नये. खोट्या ओरड्याची किंमत एक तपासणी असते. गप्प बसण्याची किंमत मात्र दुसऱ्याला जन्मभर भरावी लागते.