समतेचा मुक्काम

माणसाला माणूस मानणे हे आधी श्रद्धेने घडते की सहवासाने? धर्मग्रंथ पहिल्या बाजूला कौल देतात. मला दुसरी बाजू खरी वाटते, आणि माझा पुरावा न्यूयॉर्कच्या एका वसतिगृहात आहे. 1913 साली कोलंबिया विद्यापीठात आलेले भीमराव आंबेडकर पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भाथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत राहू लागले. बाहेर शहराची वर्दळ, आत दिवा, पुस्तके आणि शेजारची खाट. तिथे जात विचारणारे कोणी नव्हते. ही मैत्री जन्मभर टिकली. 1917 साली मात्र बडोद्यात याच समाजाच्या लोकांनी त्यांना पारशी धर्मशाळेतून काठ्या उगारून बाहेर काढले, आणि ते कमाठी बागेत जाऊन बसले. धर्म दोन्हीकडे एकच होता. बदलली होती ती राहण्याची रीत.

यावर कोणी म्हणेल, वसतिगृहातली समता चार दिवसांची, पाहुण्यांपुरती. शिवाय जवळच्याच हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांना त्या काळच्या अमेरिकेने कुठे बरोबरीने वागवले? आक्षेप रास्त आहे, आणि तो टाळता येणार नाही. पण त्यातून सहवास फोल ठरत नाही, तो किती थोड्यांच्या वाट्याला आला एवढेच कळते. आणि अल्पकाळाचे म्हणाल, तर परदेशातल्या त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असे आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शतकानुशतकांच्या प्रवचनांना हे जमले नव्हते.