न सांगता सावरणे

बेळगावहून निपाणीला जाताना वाटेत हत्तरगी लागते. तेथील कारखान्यांत विमानांचे सुटे भाग तयार होतात, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. भाग बिनचूक व्हावा म्हणून कारागीर झटतात. तरीही एखादा भाग कधीतरी दगा देणारच, असे धरून चालणारी एक विद्या विमानशास्त्रात आहे. आकाशात काही मोडले, तर संगणकाने ते ओळखावे आणि उरलेल्या भागांकडून काम निभावून न्यावे. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या ‘नासा’ने एफ-१५ विमानावर, शेपटीचा पंख अडकल्याचे मुद्दाम भासवून, तिची परीक्षा घेतली.

ऐकून समाधान वाटते. तथापि आम्हांस एक प्रश्न पडतो. वैमानिकाला न कळवता यंत्राने सावरले, तर तो उपकार होय काय?

१९ फेब्रुवारी १९८५ रोजी चायना एअरलाइन्सचे बोइंग ७४७ विमान २७४ माणसांना घेऊन तैपेईहून लॉस एंजलिसला चालले होते. पॅसिफिक महासागरावर उजव्या टोकाच्या इंजिनाची शक्ती गेली. विमान उजवीकडे ओढले जाऊ लागले आणि स्वयंचालक यंत्र मुकाट्याने ते डावीकडे धरून राहिले. हे यंत्र आजच्याइतके हुशार नव्हते, पण काम तेच. वैमानिक मंडळी इंजिन पुन्हा सुरू करण्यात आणि घटत्या वेगाची चिंता करण्यात गुंतली. अखेर यंत्र बंद केले, तेव्हा विमान कलंडले व ४१ हजार फुटांवरून सुमारे साडेनऊ हजार फुटांपर्यंत कोसळले. तेथे वैमानिकाने ते सावरले. सर्व वाचले, दोघे गंभीर जखमी झाले. सुकाणू डावीकडे वळलेले त्यांच्यासमोरच होते, हेही सांगितले पाहिजे. यंत्र खोटे बोलले नव्हते; ते फक्त बोलले नव्हते.

आता निपाणीतील विडी वळणाऱ्या दोघी बाया डोळ्यांपुढे आणा. एकीची नजर मंदावली आहे. दुसरी रोज आपल्या काही विड्या नकळत तिच्या सुपात टाकते. हजार भरतात, मजुरी मिळते, मुलांना काही कळत नाही. ही दया खरी आहे. तिला फसवणूक म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण डोळे दाखवण्याचे दिवस त्या भरलेल्या सुपाखाली निघून जातात, आणि शेजारीण तापाने पडली की सूप एकाएकी अर्धे!

सांगून तिचा मान कशाला घालवावा, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. इंजिनाला लाज नसते, माणसाला असते. म्हणून चारचौघींत बोलू नये. विड्या टाकाव्यात, आणि त्याच संध्याकाळी तिच्या उंबऱ्यावर बसून किती टाकल्या ते सांगावे. तिला राग येईल. दुसऱ्या दिवशी कदाचित ती सूप घेऊन दूर बसेल.