अनुज्ञा

येत्या हिवाळ्यात मुलांसह मोलेच्या राष्ट्रीय उद्यानात एक रात्र तंबूत काढावी, असा बेत आम्ही केला. तंबू, सतरंज्या, कंदील, उकडे तांदूळ अशी यादी होते न होते तोच आमच्यातला वकील जागा झाला. वन्यजीवांसंबंधीच्या 1972 च्या अधिनियमाप्रमाणे तेथे पाऊल ठेवावयाचे तर अनुज्ञा हवी, आणि रानास धोका होईल असा विस्तव पेटविता येत नाही. 107 चौरस किलोमीटरांच्या त्या रानाचे एका रात्रीचे पाहुणे होण्यासाठी आम्ही अर्ज लिहावयास बसलो आणि प्रयोजनापाशी लेखणी अडली.

शांतता, असे लिहावे काय? ती आमच्या डिचोलीतही होती. लोहखनिजासाठी तेथल्या ज्या टेकड्या पोखरल्या गेल्या, त्यांतील काहींचे कागद आम्हीच निर्दोष करून दिले. (शुल्क वेळेवर मिळाले, हेही सांगितले पाहिजे.) 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले, टेकड्या मात्र परतल्या नाहीत. पेडण्यात मोपाचे पठार विमानतळासाठी सपाट झाले, तेव्हाही परवाने होतेच. आपले रान विकून मुलांना दुसऱ्याचे दाखवावयास नेणे याला पश्चात्ताप म्हणावा की चैन? आम्हांस तूर्त चैनच वाटते.

अखेर आम्ही 'पर्यटन' असे लिहिले. कायद्यास तेवढे पुरते. तंबूच्या यादीखाली एका नव्या टेकडीचे कागद पडले आहेत. ते मोलेहून आल्यावर उघडावेत, की निघण्यापूर्वीच पक्षकारास परत करावेत, हे अद्याप ठरलेले नाही.