समुद्रावाचूनचे बंदर

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. तरी पौषातल्या सकाळी प्रकाशा गावच्या घाटाखाली, गोमाई जिथे तापीला मिळते तिथल्या शेवाळलेल्या खडकांपाशी उभे राहिले की तो फार दूर आहे असे वाटत नाही. कारण सुरतेपलीकडे डुमसच्या खाडीत, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर किडे टिपत हिंडणाऱ्या तुतवाराचाच एक भाऊबंद इथे काठाकाठाने, शेपटीकडचा भाग अखंड वरखाली हलवीत चाललेला असतो. पाठ मातकट, पोट शुभ्र, आणि त्या शुभ्रतेची एक जीभ खांद्यापुढून वर चढलेली. चाहूल लागताच तो ताठ पंखांनी पाण्याला लगटून उडतो, पुढच्या दगडावर उतरतो आणि पुन्हा तेच डोलणे. तुतवाराची पिले बहुधा आईबाप निघून गेल्यावर, वाट दाखवणारे कोणी नसताना दक्षिणेकडे निघतात. ज्ञान आपण कमावतो की घेऊनच जन्मतो, हा प्रश्न त्या मूठभर देहापुढे मला नव्याने पडतो.

पलीकडे वाळूच्या बेटावर चक्रवाकांची तांबूस जोडी बसलेली असते. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी विणीचा काळ घालवणाऱ्या या पक्ष्यावर संस्कृत कवींनी रात्रीच्या विरहाचे दुःख सोपवले. ‘मेघदूता’तल्या यक्षालाही आपली एकाकी पत्नी चक्रवाकीसारखी भासते. हा पक्षी पुष्कळदा रात्री चरतो, हे आज आपण जाणतो. अंधारात एकाने दुसऱ्याला घातलेली सानुनासिक साद कोणा निद्राहीन माणसाने ऐकली असेल आणि तिच्यात आपली व्यथा ओतली असेल. त्याला भ्रम म्हणणे मला मान्य नाही. पक्षीनिरीक्षणाचा आरंभ अशाच जागत्या कानांनी झाला असावा.

प्रकाशाच्या टेकाडात १९५४-५५ च्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली. रंगीत भांडी घडवणाऱ्या त्या माणसांनीही थंडीतले हे पाहुणे पाहिले असतील. मात्र आज पाखरे ज्या विस्तीर्ण जलाशयांवर उतरतात ते अगदी अलीकडचे आहेत. उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले आणि त्याचा फुगवटा नवापूरच्या बाजूपर्यंत आला; उत्तरेला सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा-अक्राणीतली नर्मदाकाठच्या ३३ गावांची जमीन कमीअधिक गिळली, मणिबेली त्यांतलेच. पाखरांना नवे पाणी आपोआप सापडले. माणसांना मात्र जुनी जमीन सोडून नवी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. दुर्बिणीतून दिसणारे ते निळे सौंदर्य मला नाकारता येत नाही, आणि त्याच्या तळाशी कोणाची ज्वारी उभी असायची हेही विसरता येत नाही. दोन्ही खरे आहे, आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. म्हणून वहीत पक्ष्याचे नाव, तारीख आणि संख्या लिहून झाली की मी होडीवाल्या आजोबांना विचारतो, ‘आजोबा, या पाण्याखाली कोणतं गाव?’ आणि ते सांगतील ते नाव त्याच ओळीत लिहितो.