दत्तक जाणाऱ्याचं म्हणणं

वर्धा जिल्ह्यातलं सेलू ज्या राज्यात होतं, ते राज्य दत्तकाच्या प्रश्नावरच बुडालं. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. नात्यातल्या यशवंतरावाचं दत्तकविधान गव्हर्नर जनरल डलहौसीने मानलं नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. वर्धा जिल्हा निघाला तो पुढे १८६२ मध्ये. शाळेत आपण ही इंग्रजांच्या अन्यायाची गोष्ट म्हणून शिकतो, आणि अन्याय होताच. पण दत्तक जाणाऱ्याचं काय म्हणणं होतं, ते त्या धड्यात कुठे येत नाही. गादीला वारस हवा, पिंडाला पुत्र हवा, वतनाला नाव हवं. दत्तकाची आपली जुनी कल्पना घराच्या गरजेतून निघालेली होती.

मुलालाही घर हवं असतं, हे जोतिराव-सावित्रीबाई फुल्यांनी करून दाखवलं. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पुढे काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. जातीची ती वेस त्या काळी सात समुद्रांपेक्षा रुंद होती.

सेलूहून वर्धा जवळच. तिथल्या बच्छराज बजाजांच्या घरी जमनालाल दत्तक आले ते थेट राजस्थानातून, सीकरजवळच्या काशी का बास या गावाहून, लहान असताना. बच्छराजांना नातू हवा होता. मुलाच्या बदल्यात आईबापांनी पैसा घेतला नाही, पाण्याची टंचाई म्हणून गावासाठी विहीर मागितली, असं सांगतात. सगळे ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला मात्र ती ऐकताना थोडं कसंसंच होतं. देणाऱ्याची नड, घेणाऱ्याची ऐपत आणि मधे लेकरू. परदेशी दत्तकावर आज घेतले जाणारे बहुतेक आक्षेप त्या विहिरीच्या काठावर आधीच येऊन बसलेत.

पण जमनालालांची गोष्ट तिथे थांबत नाही. सतराव्या वर्षी त्यांनी दागिने घालून लग्नाला जायचं नाकारलं. बच्छराज संतापले आणि दिलेल्या संपत्तीवरून बोलू लागले. जमनालालांनी पत्र लिहून सगळा हक्क सोडला आणि घराबाहेर पडले. समजूत घालून त्यांना परत आणलं, ही पुढची गोष्ट. आणि १९२० मध्ये नागपूर काँग्रेसच्या वेळी त्यांनी गांधीजींना गळ घातली की मला तुमचा पाचवा मुलगा माना. लहानपणी दुसऱ्यांनी ज्याला देऊन टाकलं, तो तिशी ओलांडल्यावर स्वतःच बाप निवडायला निघाला. दत्तक जाणाऱ्याला तोंड फुटतं ते असं, बऱ्याच उशिरा.

दत्तकात मुलाचा विचार आधी, हे कायद्याला कळायला फार वेळ लागला. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यामुळे मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, पण तो हिंदू, बौद्ध, जैन, शिखांपुरता. परदेशी जोडप्याला १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळे; मूल तिकडे न्यायचं आणि तिथल्या कायद्याने दत्तक घ्यायचं. सर्वांसाठीची विधेयकं १९७२ आणि १९८० मध्ये आली आणि विरली. या फटीतून कित्येकांना चांगली घरं मिळाली, तशी दलालीही आत शिरली. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयात खटला उभा राहिला आणि १९८४ मध्ये न्या. भगवती यांनी क्रम लावून दिला. आधी जन्मदाते, मग देशातलं घर, तेही नसेल तर परदेश. १९९० मध्ये ‘कारा’ ही दत्तकाची केंद्रीय यंत्रणा आली, २००३ मध्ये भारताने परदेशी दत्तकाबाबतचा हेग करार स्वीकारला.

२०२३-२४ मध्ये देशात सुमारे चार हजार दत्तकविधानं झाली, त्यांत परदेशी साडेचारशेच्या आसपास. इथल्या जोडप्यांची रांग एवढी लांब असताना मुलं बाहेर का जातात, असं कुणीही विचारील. उत्तर सुखाचं नाही. बाहेर जाणाऱ्यांत जाणती झालेली, आजारपण किंवा अपंगत्व असलेली मुलं बरीच असतात. आपल्याला तान्हं आणि धडधाकट बाळ हवं असतं. गादीच्या काळचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही.

सेलू तालुक्यातलं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, अशी इकडची श्रद्धा. तिथे राहिलेली कुंती स्वतः शूरसेनाने कुंतिभोजाला दिलेली मुलगी, आणि तिने पाण्यात सोडलेलं लेकरू दूर अंगदेशी वाढलेलं. कर्णाला आई कळली ती युद्धाच्या तोंडावर, आणि सांगणाऱ्यांचा त्यात मतलब होता. आताच्या नियमांत मूळ शोधण्याची सोय आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की मूल स्वतः अर्ज करू शकतं. मात्र सोडून देताना आईने ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर ती तिच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही.

मला दोघांचंही खरं वाटतं. धाकापोटी लेकरू देऊन आलेली बाई आज दुसऱ्या संसारात असेल, नवऱ्याला काही ठाऊक नसेल. तिकडे मिलानमध्ये दत्तक गेलेल्या कुणाला, आपल्या आईला मधुमेह होता का, एवढं तरी कळायला हवं असेल. गाव, परिस्थिती, आजारांची माहिती मुलाला मागताक्षणी मिळावी. नावासाठी आईला विचारावं. आणि विचारायला जाणाऱ्या समाजसेविकेने तिच्या घरी न जाता दवाखान्यात नाहीतर वावरात गाठ घ्यावी. आमच्या भागात दारात अनोळखी गाडी थांबली तर संध्याकाळच्या आत सगळ्या मोहल्ल्याला कळतं.