मोजणाऱ्याची साक्ष

अमेरिकेतील सिएटल शहरात फ्रिमाँट नावाचा जुना पूल आहे. ऑक्टोबर 2012 मध्ये त्याच्या दोन्ही बाजूंच्या पदपथांत तारांची वेटोळी पुरण्यात आली. सायकलचे धातूचे चाक वरून गेले की वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो आणि एक आकडा वाढतो. नाव, धर्म, पत्ता काहीच विचारले जात नाही. पायी चालणाऱ्यांसाठी युक्ती वेगळी. शहरात किंवा जंगलवाटेवर खांबात बसवलेले यंत्र जाणाऱ्याच्या अंगाची ऊब टिपते, नाहीतर मातीखालची पाटी पावलाचा दाब ओळखते.

यात वाईट काय? बरेचसे चांगलेच आहे. मोटारींची गणती जगभर अनेक दशके होत आली आणि त्या आकड्यांच्या जोरावर रस्ते रुंद झाले. पायी चालणारा मात्र सहसा कुणाच्या वहीत नव्हता. ज्याची नोंद नाही, त्याचा हक्क मागायचा तरी कशाच्या आधारावर? त्या अर्थाने हे यंत्र म्हणजे त्याच्या बाजूने दिलेली साक्ष आहे. साक्ष लपवणे हा गुनाह आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पण साक्षीदाराने आपल्या नजरेची मर्यादाही सांगायला हवी. खांबातल्या यंत्रापुढून दोघे खांद्याला खांदा लावून गेले, तर ते अनेकदा एकच माणूस मोजते. हवा अंगाइतकी तापली, तर त्याला माणूस ओळखणेच अवघड जाते. म्हणून जाणकार तिथे काही तास माणूस बसवतात, त्याच्या मोजणीशी यंत्राचा आकडा ताडून पाहतात आणि दुरुस्ती करतात. ही प्रामाणिकपणाची रीत झाली.

खरी चूक पुढे होते आणि ती यंत्राची नसते. पदपथ नाही, दिवा नाही, म्हणून एखादी आई मुलाचा हात धरून त्या वाटेने निघतच नाही. गुडघे दुखणारे आजोबा पलीकडच्या मशिदीत पायी जाणे सोडून देतात. यंत्र शून्य दाखवते. 'मला कुणी दिसले नाही' एवढाच त्या शून्याचा अर्थ. कारभारी मात्र तो 'इथे कुणाला गरज नाही' असा वाचतो आणि फाईल बंद करतो. न दिसणे आणि नसणे यांतले अंतर पुसले गेले, की खरा आकडाही खोटी साक्ष देऊ लागतो.

म्हणून मोजावे जरूर. पण जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे जाऊन कारणही विचारावे. रस्त्यातली इजा करणारी वस्तू दूर सारणे ही ईमानाची एक शाखा आहे, असे हदीस सांगते. काटा उचलण्याआधी या वाटेने रोज किती जण जातात, असा हिशेब ती मागत नाही.