दुःखाचे गाणे आणि दिलासा



प्रायश्चित्तकाळात क्रूसाच्या वाटेची गीते गाताना आपला आवाज जड होतो, डोळे भरून येतात, आणि तरीही मंदिराबाहेर पडताना मन हलके झालेले असते. घरीसुद्धा तेच. वाकोल्यात रात्री रेडिओवर एखादे विरहगीत लागते, डोक्यावरून विमान गेले की त्यातली अर्धी ओळ बुडते, तरी रेडिओ कोणी बंद करत नाही. दुःख टळावे म्हणून आपण नोव्हेना करतो. मग गाण्यातले दुःख हौसेने का ऐकतो?

संत ऑगस्टिन यांना हा प्रश्न छळत असे. तरुणपणी कार्थेजमध्ये त्यांना शोकनाटकांचा भारी नाद होता. पुढे ‘कन्फेशन्स’च्या तिसऱ्या भागात त्यांनी स्वतःलाच फैलावर घेतले: रंगमंचावरच्या दुःखिताला प्रेक्षकाने मदत करायची नसते, फक्त हळहळायचे असते, ही कसली दया? आपल्याकडे चौदाव्या शतकात ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथ यांनी उलट बाजूने विचार केला. करुण रसात केवळ दुःखच असते, तर रामायणाकडे कोणी वळलेच नसते.

ऑगस्टिन यांचा आक्षेप आम्हांला निम्मा पटतो. मालिकेतल्या सुनेसाठी रडणारे आपण शेजारच्या खोलीतल्या आजाऱ्याची चौकशी करत नाही, हे खरेच आहे. पण त्याच ग्रंथाचा नववा भाग वाचावा. 387 साली ओस्तिया येथे त्यांची आई संत मोनिका वारली. नातू रडू लागला तर सर्वांनी त्याला गप्प केले. ऑगस्टिन यांनीही अश्रू आवरले. स्नानाने शोक उतरतो असे ऐकले होते, म्हणून स्नान करून पाहिले. काही उपयोग झाला नाही. मग झोपून उठल्यावर अंथरुणातच संत अँब्रोज यांचे सायंगीत आठवले, आणि बांध फुटला. गंमत अशी, की ते गीत दुःखाचे नव्हतेच. देवाने दमलेल्या जिवांना रात्र आणि झोप दिली, याची ती स्तुती होती.

म्हणजे दिलासा दुःखात नसतो, सोबतीत असतो. सांत्वनाला आलेली माणसे ‘धीर धर, देवाची इच्छा’ म्हणतात, आणि आपल्याला त्यांच्यासाठी चेहरा सावरावा लागतो. गाण्यापुढे तो सावरावा लागत नाही. म्हणून मयताच्या घरी कोणी त्या माणसाचे आवडते गाणे लावले, तर ‘बंद कर, उगाच त्रास’ असे कृपया म्हणू नका. मात्र महिने उलटले, दार बंदच आहे आणि तेच गाणे चालू आहे, असे दिसले तर दार वाजवा. तिथे गाणे पुरणार नाही.

बायबलमधली बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. स्तोत्र 88 वळत नाही. ते अंधारातच संपते. ख्रिस्तसभेने ते शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवले आहे. ते म्हणून झाले, की आम्ही दिवा मालवतो आणि झोपतो.